वेणूआत्यांची फिरती खुर्ची

कारखानीस मॅडमनी होकायंत्र खुर्चीवर ठेवलं, बराच वेळ डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही खुर्ची फार जड आहे."

"सागवानी आहे," मी म्हणाले. "त्यातून सरकारी."

"तशी जड नाही हो. हिच्यात काहीतरी साठून राहिलंय."

माईंनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य मी गिळून टाकलं. माई म्हणजे माझ्या सासूबाई. मॅडमना पुण्याहून साताऱ्याला बोलवायचा घाट त्यांचाच. महिला मंडळात मॅडमचं 'फेंगशुई आणि गृहसौख्य' या विषयावर भाषण झालं होतं, आणि ते ऐकून आल्यापासून आमच्या घरात जे जे बिघडत होतं त्याचं मूळ माईंना सापडलं होतं. वेणूआत्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. तेवढ्यात माझा नवरा सुहास स्कूटरवरून घसरून मनगट मोडून बसला, पाण्याची मोटर जळली, मिक्सर गेला आणि परसातलं लिंबाचं झाड उभ्या उभ्या वाळलं. मोटर जुनीच होती आणि सुहास मुळातच वेंधळा आहे, असं मी सांगून पाहिलं. पण ताजं भाषण ऐकून आलेल्या बाईपुढे कोणाचं काय चालणार?

वेणूआत्या म्हणजे अण्णांची, माझ्या सासऱ्यांची, थोरली बहीण. लग्न केलं नाही. सगळा जन्म याच घरात गेला आणि सगळी नोकरी साताऱ्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये. परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावावा लागायचा, त्या काळातल्या त्या ऑपरेटर. समोर भोकाभोकांचा बोर्ड, कानाला हेडफोन, आणि हातातली पिन या भोकातून त्या भोकात खुपसून गावागावांची माणसं एकमेकांना जोडून द्यायची. पुढे एक्सचेंज आपोआप चालायला लागलं, बोर्ड निघाले आणि जुन्या सामानाचा लिलाव झाला. लोकांनी टेबलं घेतली, कपाटं घेतली. आत्यांनी स्वतःची खुर्ची विकत घेतली आणि हातगाडीवर घालून मिरवत घरी आणली.

उंच बैठकीची, पाय टेकायला खाली लोखंडी कडं असलेली, गोल फिरणारी खुर्ची ती. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी असायची. आत्या तिच्यावर बसून कोथिंबीर निवडायच्या, पेपर वाचायच्या आणि रस्त्यावरून कोणी ओळखीचं गेलं की गर्रकन फिरून त्याला हाक मारायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा सत्तरीला टेकलेली बाई खुर्चीत गिरक्या घेताना पाहून मला हसू आवरलं नव्हतं. त्यांनीही ते मनाला लावून घेतलं नाही.

तर मॅडमनी आत्यांच्या वस्तूंचा निकाल लावायला घेतला. चपला, चष्मा, कवळी आणि औषधांचा डबा पहिल्या फटक्यात गेले. गेलेल्या माणसाच्या चपला दारात राहिल्या तर त्याची ये-जा सुरू राहते, असं मॅडम म्हणाल्या. गादी गेली. लुगडी मिठाच्या पाण्यात बुडवून, कडक उन्हात वाळवून वृद्धाश्रमात गेली. घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात खड्यामिठाच्या वाट्या ठेवल्या गेल्या, घरातलं दुर्दैव शोषून घ्यायला. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढण्यात माईंची हयात गेलेली, त्यामुळे मिठावर त्यांचा विश्वास आधीपासूनच होता. चिनी पद्धतीत मोहऱ्या तेवढ्या वाचल्या. त्यातली एक वाटी मी चुकून आमटीत रिकामी केली. अर्ध्या घराचं दुर्दैव आम्ही भाताबरोबर खाल्लं, पण कोणाला काही झालं नाही. नुसती तहान लागली.

या सगळ्याला अण्णांनी चकार शब्दाने विरोध केला नव्हता. फक्त खुर्चीपाशी ते अडले.

"बाकी काय न्यायचं ते न्या," ते म्हणाले. "वेणूच्या खुर्चीला हात लावायचा नाही."

"अहो, पण ती ऐन दाराच्या समोर येतेय," माई म्हणाल्या.

"मग दार हलवा."

अण्णा म्हणजे हायस्कुलातले निवृत्त गणिताचे मास्तर. आवाज चढवत नसत, पण एकदा नाही म्हणाले की नाही. माई मॅडमकडे बघायला लागल्या. मला आतून बरं वाटत होतं. मलाही ती खुर्ची हवीच होती. आत्या गेल्यापासून दुपारी चहाचा कप घेऊन मी तिच्यात बसायची, आणि कोणी बघत नसलं तर एखादी गिरकी घ्यायची.

मॅडम बाई समजूतदार होत्या, हे कबूल करायला हवं. त्यांनी होकायंत्र पिशवीत ठेवलं आणि त्या अण्णांसमोर येऊन बसल्या.

"काका, गेलेल्या माणसाचं सगळंच टाकायचं असं आमचं शास्त्र सांगत नाही. माणूस तृप्त होऊन गेलं असेल तर त्याची वस्तू घरात असणं हा आशीर्वाद असतो. अशा वस्तू लोक मागून नेतात. पण ज्याची इच्छा मारली गेली, ज्याचं आयुष्य कोणीतरी अडवलं, त्याची रोजच्या वापरातली वस्तू ठेवू नये. तिच्यात ते दुःख राहतं, आणि घरच्यांना ते भोगावं लागतं. म्हणून मी तुम्हाला एकच विचारते. ताई समाधानी होत्या का?"

"कसल्या समाधानी?" माई पटकन म्हणाल्या. "ना संसार, ना मूलबाळ."

"मी काकांना विचारतेय."

अण्णांनी खुर्चीकडे पाहिलं. ते आता मॅडमना फाडकन काहीतरी सुनावणार, अशी माझी खात्री होती. पण त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ते उठले, टोपी घातली आणि दारात जाऊन म्हणाले, "नव्हती. न्या ती खुर्ची."

माईंनासुद्धा जिंकल्याचा आनंद झाला नाही. मॅडम शनिवारी फोन करते म्हणून निघून गेल्या. त्याआधी खुर्ची घरातून जायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा परसात वाळलेल्या लिंबाला पाणी घालत होते. मेलेल्या झाडाला पाणी घालणारा माणूस काही ठीक नसतो. मी जाऊन शेजारी उभी राहिले.

"अण्णा, आत्या समाधानी नव्हत्या असं तुम्हाला खरंच वाटतं?"

"तुला काय माहीत. तू तिला म्हातारपणी पाहिलीस."

"म्हणून काय झालं? माणूस म्हातारपणी एकदम हसायला लागतं का?"

त्यांनी बादली खाली ठेवली. "नीलिमा, तिचं लग्न माझ्यामुळे मोडलं," ते म्हणाले. "हे मी कोणाला सांगितलेलं नाही. माईलाही नाही."

मग त्यांनी मला ते सांगितलं. अण्णा तेव्हा कॉलेजात होते. बेळगावचं स्थळ आलं होतं, मुलगा वकील. पाहायला मुलगा आणि त्याचे वडील आले. पोहे झाले, चहा आला. वकीलसाहेबांनी चहा बशीत ओतला आणि असा काही भुरका मारला की माडीवर आवाज जावा. दुसरा भुरका पहिल्याहून मोठा. अण्णांनी ओठ दाबून पाहिले, छताकडे पाहून पाहिलं. तिसऱ्या भुरक्याला त्यांना ठसका लागला, पोहे नाकातून बाहेर आले आणि ते जे हसत सुटले ते थांबेचनात. वडिलांनी उठून हाताला धरून त्यांना आत नेलं.

"पाहुणे जाताना म्हणाले, फोन करून कळवतो. आपल्याकडे कुठला तेव्हा फोन. खालच्या सराफांच्या पेढीवरचा नंबर दिला. दादा, म्हणजे आमचे वडील, पेढीवर बसून राहायचे. फोन आलाच नाही. ते स्थळ गेलं, मग पुढे कुठलंच जमलं नाही. ती त्या खुर्चीत म्हातारी झाली ती माझ्या एका हसण्यापायी."

"त्या तुम्हाला कधी काही बोलल्या?"

"एक शब्द नाही. तेच तर. बोलली असती तर बरं झालं असतं."

त्या माणसाची मला फार दया आली. म्हणावं तर आत्यांसारखी आनंदी बाई मी दुसरी पाहिली नव्हती. पण आनंदी दिसणं वेगळं, हेही मला कळत होतं. मी आत जाऊन रूथबाईंना फोन लावला. खुर्ची जाणारच असेल तर भंगारवाल्याकडे जाऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं.

रूथबाई साळवे एक्सचेंजमध्ये आत्यांच्या शेजारच्या बोर्डावर बसायच्या. आता त्या लेकीकडे कोरेगावला राहत होत्या. खुर्ची म्हटल्याबरोबर त्यांनी "घेऊन येते टेम्पो" म्हणून फोन ठेवलासुद्धा. आयुष्यभर तीन-तीन मिनिटांचे कॉल जोडलेली बाई, फोनवर जास्त बोलतच नसे.

शनिवारी दुपारी त्या आल्या. टेम्पो दाराशी उभा केला, ड्रायव्हरला सावलीत बसवलं, काठी टेकत आत आल्या आणि आधी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला.

"डाव्या हाताला अजून हलते का गं?"

"हलते," मी म्हणाले.

"हलणारच. वेणू डावीकडे कलून माझ्याशी बोलायची. सुपरवायझर उजव्या बाजूला असायचा." मग त्यांनी अण्णांकडे पाहिलं. "दिगूभाऊ, एवढी चांगली खुर्ची का काढताय हो?"

माईंनीच फेंगशुई, मीठ, मोटर, लिंबाचं झाड सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "असमाधानी माणसाची वस्तू ठेवू नये म्हणतात. वेणूताईंच्या आयुष्यात तसं सुख असं..."

"कोण असमाधानी?"

"वेणू," अण्णा म्हणाले. "तुम्हाला माहीत नसेल. तिचं एक लग्न ठरत होतं. बेळगावचं."

"बेळगावचं मला माहीत नसेल?" रूथबाई म्हणाल्या. "तो भुरकेवाला वकील ना? अहो, सगळ्या एक्सचेंजला माहीत होता तो. वेणू त्याच्या भुरक्याची नक्कल करून दाखवायची. म्हणायची, बरं झालं दिगू आधी हसला, मी पदर तोंडात कोंबला होता, अजून एक भुरका मारला असता तर मीच हसले असते."

अण्णा उभे होते ते पलंगाच्या कडेवर बसले.

"पण त्यांनी नकार दिला तो मी हसलो म्हणून."

"त्यांनी कुठला नकार दिला? त्यांचा होकार होता."

"फोनच आला नाही, रूथबाई. दादा पेढीवर बसून होते."

रूथबाईंनी माझ्याकडे पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर पदराने ओठ टिपले आणि दार लोटून घ्यायला सांगितलं, जसं काही टेलिफोन खात्याचा साहेब बाहेर उभा आहे.

"आता एक्सचेंज राहिलं नाही आणि वेणूही राहिली नाही. म्हणून सांगते. फोन आला होता. पी.पी. कॉल होता. म्हणजे ज्याचं नाव सांगितलंय त्याच माणसाला बोलवायचं. बेळगावची ऑपरेटर म्हणाली, सातारा, पार्टीला बोलवा, गोविंदराव गोळे, सराफांची पेढी, लग्नाचा होकार कळवायचाय. तुमच्या दादांचं नाव, अन् बोर्डावर कोण? वेणू. मी शेजारी, त्याच लाइनवर कान लावून. म्हटलं, वेणू, तुझाच कॉल आहे, लाव पेढीला. तिने पिन हातात धरली ती धरलीच. पेढीची घंटा वाजवलीच नाही. थोडं थांबली, आणि बेळगावला सांगितलं, पार्टी फोनवर यायला नकार देते."

"काय?" माई म्हणाल्या.

"खोटा शेरा. नोकरी गेली असती. तिकडे मुलाच्या बापाला वाटलं, आपण होकार द्यायला फोन करतोय आणि हा गृहस्थ फोनवर यायलाही तयार नाही. त्याने रिसीव्हर आपटला तो मी इथे ऐकला. वेणूने बेळगावची पिन काढली, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, रूथ, माझं लग्न मोडलं, चहा सांग."

मला हसू येत होतं आणि रडूही.

"पण का?" अण्णांनी विचारलं.

"नोकरी सोडावी लागेल म्हणाले होते ना पाहायला आले तेव्हा. तुम्ही त्या वेळी आत असाल, नाक धूत. वेणूला बोर्डापुढे काही दिसायचं नाही हो. युद्धाच्या दिवसांत दोन दोन पाळ्या करायची. कोणाकडे बाळंतपण अडलंय, कोणाचा मुलगा परीक्षेत पास झालाय, सगळं आधी तिच्या कानात. म्हणायची, या खुर्चीत बसून मी अख्खा जिल्हा सांभाळते, आणि तिकडे जाऊन एका माणसाच्या बशा विसळू?"

"मग मला का नाही सांगितलं तिने?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बेळगावला जाऊन पाया पडला असतात आणि लग्न पुन्हा जमवलं असतंत. तेवढे चांगले आहात तुम्ही. तीच तिला भीती."

अण्णा हाताच्या तळव्यांकडे बघत बसले. मग म्हणाले, "तिची दुपारची पाळी रात्री उशिरा सुटायची. मी रोज तिला आणायला यायचो."

"माहीत आहे की. सायकल घेऊन, फाटकाबाहेर. पाऊस असो, थंडी असो. तुमचं लग्न झालं तरी यायचात."

"हो, यायचे," माई म्हणाल्या. "मी किती चिडायची त्यावरून."

"आम्हा सगळ्यांना हेवा वाटायचा वेणूचा," रूथबाई म्हणाल्या. "माझा नवरा एकदासुद्धा आला नाही. वेणू म्हणायची, बघ, कुठला नवरा एवढं करतो? मला भाऊ असा मिळालाय, मी कशाला जाऊ बेळगावला?"

अण्णांचे डोळे भरून आले. त्यांना ते लपवता येईना, आणि त्यांनी फारसा प्रयत्नही केला नाही.

"मी प्रेमाने येत नव्हतो हो, रूथबाई," ते म्हणाले. "सुरुवातीला तरी नाही. मला वाटायचं, हिचं वाटोळं केलं आपण, निदान एवढं तरी करावं. प्रायश्चित्त म्हणून यायचो."

"कशासाठी का असेना," रूथबाई म्हणाल्या. "आलात ना रोज. ती त्यातच खूश होती."

माईंनी नाक ओढलं आणि चहा टाकायला म्हणून उठून आत गेल्या. मी त्यांच्या मागे गेले. त्या ओट्याशी उभ्या राहून पदराने डोळे पुसत होत्या. "मला तर पहिल्यापासून वाटायचं वेणूताई मजेत आहेत म्हणून," त्या म्हणाल्या. सासूबाईंना एखादं वाक्य फुकट सोडून द्यावं, त्याने घर चालतं.

चहा घेऊन बाहेर आलो तर रूथबाई टेम्पोवाल्याला हाक मारत होत्या आणि अण्णा खुर्चीसमोर आडवे उभे होते.

"रूथबाई, माफ करा. खुर्ची आता मला देता येणार नाही."

"अहो, टेम्पो आणलाय मी कोरेगावहून."

"टेम्पोचं मी बघतो."

रूथबाईंनी कपाळावर हात मारला. "चुकलं माझं. आधी खुर्ची टेम्पोत चढवायची होती आणि मग तोंड उघडायचं होतं." पण त्या हसत होत्या. चहा घेताना त्यांनी तो मुद्दाम बशीत ओतला आणि असा भुरका मारला की अण्णांना ठसका लागला. त्या वयातसुद्धा त्यांना हसू आवरता आलं नाही. माई म्हणाल्या, अहो, पुरे, छातीत कळ येईल. आणि स्वतःच हसायला लागल्या.

रूथबाई निघाल्या. त्यांना रिकाम्या हाती कसं पाठवायचं म्हणून माईंनी लोणच्याची बरणी दिली. त्यांना टेम्पोत बसवून मी परत येते तोच आत फोन वाजला. कारखानीस मॅडमचा होता. एरवी फोन घ्यायला कायम मी धावायचे. त्या दिवशी मी पोचायच्या आत अण्णांनी घेतला. मॅडमचा आवाज खणखणीत असल्यामुळे पलीकडचं सगळं दारापर्यंत ऐकू येत होतं.

"काका, गेली का खुर्ची?"

"नाही. तुम्ही विचारलं होतंत, ती समाधानी होती का. मी चुकीचं उत्तर दिलं. गणिताचा मास्तर असून चुकलो."

"म्हणजे होत्या?"

"होती. पूर्ण समाधानी होती. तिची इच्छा कोणी मारली नाही. तिने तिला हवं तेच केलं, आणि आमच्या नाकावर टिच्चून केलं."

"मग ठेवा, काका. अगदी निःशंकपणे ठेवा. उलट भाग्याची वस्तू आहे ती. फक्त एक करा. रिकामी ठेवू नका, घरातल्या कोणीतरी रोज बसायला हवं."

मी खोलीत आले. आत्यांच्या जागी खिडकीपाशी अण्णा त्या खुर्चीत होते, पाय लोखंडी कड्यावर टेकवलेले, फोन कानाशी. इतक्या वर्षांत त्यांना त्यात बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"बसलोय," त्यांनी मॅडमना सांगितलं. मग फोन माझ्याकडे देऊन ते रस्त्याकडे वळले, जरा डावीकडे कलून.